जुना ऐकायला, नवा उठवायला

मावशीच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी एक काळा चौकोनी ठोकळा ठेवलेला असतो. पहिल्या दिवशी मला तो चहाचा डबा वाटला. झाकण उघडायला म्हणून मी वरची पट्टी दाबली आणि डबा चक्क बोलायला लागला! एक पुरुषी आवाज वाक्याच्या मधूनच सुरू झाला. दक्षिणेकडून वारा, इतकी आर्द्रता, रात्री गडगडाटासह पावसाची शक्यता... मी दचकून हात मागे घेतला. मावशी हसत म्हणाली, "अगं, घाबरू नकोस. काकांचा वेदर रेडिओ आहे तो. पट्टी परत दाब, गप्प बसेल."

मावशी आणि काका गेली पंचवीसेक वर्षे अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीजवळ राहतात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी आणि आई इंदूरहून त्यांच्याकडे दीड महिना राहायला गेलो होतो. तिथे कळले की स्वयंपाकघरातला तो ठोकळा एकटा नाही. काकांच्या अभ्यासिकेतल्या फळीवर त्याची भावंडे ओळीने मांडलेली आहेत. काही लाकडी रंगाची, काही काळी, काही पांढरी, एक घड्याळ असलेले, एक खिशात मावणारे. एकूण सतरा! यातल्या बहुतेकांना काकांनी दोन ते पाच डॉलर मोजले आहेत.

छंद म्हटला की आपल्याला खर्चिक घड्याळे, नाणी किंवा कॅमेरे आठवतात. पण जुन्या वेदर रेडिओंचा छंद अगदी स्वस्तातला आहे, त्याला जागा कमी लागते आणि त्यात शिकण्यासारखेही खूप आहे. मात्र या छंदाचा एक नियम आहे. काकांना तो एका वाईट रात्री शिकावा लागला. त्याबद्दल पुढे सांगतेच.

वेदर रेडिओ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे रेडिओवर हवामानाचा अंदाज बातम्यांच्या शेवटी येतो. अमेरिकेत मात्र फक्त हवामानासाठी वेगळे रेडिओ प्रसारण आहे. तिथल्या राष्ट्रीय महासागर आणि वातावरण प्रशासनाचे, म्हणजे 'नोआ'चे हे प्रसारण चोवीस तास सुरू असते. त्यात गाणी नाहीत, जाहिराती नाहीत, निवेदकाच्या गप्पा नाहीत. स्थानिक हवामान कार्यालयाकडून येणारी माहिती काही मिनिटांच्या फेरीत पुन्हा पुन्हा ऐकवली जाते. सध्याचे तापमान, वारा, पुढच्या काही दिवसांचा अंदाज, नद्यांची पातळी, किनारपट्टीवर असाल तर समुद्राची स्थिती. धोका असेल तर नेहमीची फेरी थांबते आणि इशारा दिला जातो.

हे प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात ठरावीक फ्रिक्वेन्सींवर चालते. आपला नेहमीचा एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान असतो, त्यामुळे त्यावर ते लागत नाही. त्यासाठी वेगळा संच लागतो, तोच हा वेदर रेडिओ. देशभरात याची एक हजारांहून अधिक प्रक्षेपण केंद्रे आहेत. एका केंद्राचा आवाज सपाट प्रदेशात साधारण साठ-पासष्ट किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येतो. म्हणजे तुम्ही जे ऐकता ते तुमच्याच भागाचे असते.

प्रत्येक घरात एक, असे का ठरले?

सुरुवातीला हे प्रसारण वैमानिक आणि बोटी चालवणाऱ्यांसाठी होते. सामान्य घरांपर्यंत ते पोहोचले एका मोठ्या आपत्तीनंतर. ३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत, चोवीस तासांच्या आत, अमेरिकेच्या १३ राज्यांत जवळपास दीडशे टोर्नेडो आले आणि तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

टोर्नेडो आणि आपल्याकडचे चक्रीवादळ यांत फरक आहे. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरते आणि ते येणार हे दोन-तीन दिवस आधी कळते. टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटर असते आणि सावध व्हायला अनेकदा दहा-पंधरा मिनिटेच मिळतात. अशा वेळी इशारा थेट घरात पोहोचायला हवा, हे १९७४ च्या त्या दोन दिवसांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारने थेट घरोघरी इशारा देण्यासाठी वेदर रेडिओची निवड केली आणि केंद्रांची संख्या झपाट्याने वाढू लागली.

साहजिकच संच बनवणाऱ्या कंपन्याही पुढे आल्या. रेडिओ शॅक या दुकानांच्या साखळीने 'रिअलिस्टिक' या नावाखाली विकलेला 'वेदरेडिओ' त्यात विशेष लोकप्रिय झाला. मावशीकडचा ठोकळा तोच. रचना अगदी साधी. वर दाबायची पट्टी, बाजूला आवाज कमी-जास्त करायचे बटण, मागे ओढून लांब करायची अँटेना आणि आत नऊ व्होल्टची एक बॅटरी. बाकी काही नाही. वाचता येत नाही असे मूल किंवा चष्मा न सापडणारे आजोबा, कोणीही तो लावू शकेल.

सत्तर-ऐंशीच्या दशकात असे संच इतके विकले गेले की आज अनेक घरांच्या माळ्यावर एखादा सापडतोच. घर आवरताना लोक ते विकायला काढतात. म्हणूनच ते स्वस्त आहेत.

घेताना काय पाहायचे?

शनिवारी सकाळी काका गॅरेज सेलच्या फेरीला निघतात. आपले नको झालेले सामान लोक घरासमोर मांडून विकतात, तो गॅरेज सेल. मी दोनदा त्यांच्यासोबत गेले. त्यांच्याकडून शिकलेल्या गोष्टी अशा :

• आधी बॅटरीचे झाकण उघडा. आत पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड असेल तर बॅटरी गळलेली आहे. थोडीशी असेल तर साफ होते. ती सर्किटपर्यंत पोहोचली असेल तर तो संच सोडून द्या.

• किती चॅनल आहेत ते मोजा. सर्वात जुन्या संचांवर दोन किंवा तीनच फ्रिक्वेन्सी असत. सातही नंतर आल्या. तुमच्या भागातले केंद्र जुन्या संचावर नसलेल्या फ्रिक्वेन्सीवर असेल, तर संच उत्तम असूनही तुमच्या घरी मुका राहील. ओक्लाहोमा सिटीचे केंद्र १६२.४०० वर आहे. ती जुन्या फ्रिक्वेन्सींपैकी एक असल्याने काकांचे जवळपास सगळे संच तिथे बोलतात.

• अँटेना पूर्ण ओढून पाहा. ती मोडलेली असेल तर किंमत कमी करून मागा. अँटेना बदलणे अवघड नसते.

• खिशात नऊ व्होल्टची एक नवी बॅटरी ठेवा. विकणाऱ्याची परवानगी घेऊन तिथेच लावून बघा. खरखर आली तरी स्पीकर जिवंत आहे हे कळते.

• पेटी आणि माहितीपत्रक असेल तर एखादा डॉलर जास्त द्यायला हरकत नाही. पण दुर्मीळ म्हणून कोणी पन्नास डॉलर मागितले तर हसून पुढे जा. असाच दुसरा पुढच्या गल्लीत मिळतो.

घरी आणल्यावर

आमच्या दुसऱ्या फेरीत लाकडी रंगाचा एक ठोकळा तीन डॉलरला मिळाला. काकांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तू दुरुस्त कर." मी बीए इंग्लिश, स्क्रू ड्रायव्हरशी माझा फारसा संबंध नाही. तरीही जमले.

बॅटरीच्या टोकांवरची पूड कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर घेऊन पुसली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसून वाळू दिले. आवाजाचे बटण फिरवताना चर्रचर्र होत होते. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा पुढेमागे फिरवले. बाहेरची पेटी साबणाच्या ओलसर फडक्याने पुसली. पट्टी दाबली तर आधी खरखर, मग अँटेना खिडकीकडे वळवल्यावर स्वच्छ आवाज. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून तापमान ऐकवले. आई म्हणाली, "अगं, ते खिडकीबाहेर हात काढूनही कळतं!"

एक सूचना महत्त्वाची. बॅटरीवर चालणारे संच नवशिक्याने उघडायला हरकत नाही. भिंतीतल्या विजेवर थेट चालणारे जुने संच मात्र जाणकारालाच उघडू द्या. आणि वापर नसेल तेव्हा बॅटरी काढून ठेवा.

ऐकण्यातली मजा

रोज तेच ते हवामान ऐकण्यात कसली मजा, असे मलाही वाटले होते. पण आठवडाभरातच सकाळी चहा टाकताना माझा हात आपोआप पट्टीवर जाऊ लागला. फोनवर हवामान बघायला गेले की त्यासोबत तीन मेसेज, दोन रील आणि एक ऑफर येते. हा ठोकळा दोन मिनिटे बोलतो आणि पट्टी दाबली की गप्प होतो. तेवढ्यात चहाला उकळी येते.

आवाजांचाही एक इतिहास आहे. पूर्वी स्थानिक कार्यालयातले हवामानतज्ज्ञ स्वतःच्या आवाजात माहिती ध्वनिमुद्रित करत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते काम संगणकाच्या आवाजाकडे गेले. त्या पहिल्या आवाजाला लोक 'पॉल' म्हणत. तो इतका यांत्रिक होता की श्रोत्यांनी तक्रारी केल्या. मग काही वर्षांत 'टॉम' आणि 'डोना' हे सुधारलेले आवाज आले. मावशी सांगते, "तुझे काका तेव्हा नवीन नवीन आले होते. ऑफिसातले लोक काय बोलतात ते त्यांना पटकन कळायचं नाही. पण पॉलचं इंग्रजी सगळं कळायचं, कारण तो सावकाश बोलायचा."

आठवड्यातून एकदा, साधारणपणे बुधवारी दुपारच्या आधी, इशारा यंत्रणेची चाचणी होते. काकांचा तो आवडता कार्यक्रम. फळीवरचे दोन-तीन संच ते आळीपाळीने सुरू ठेवतात आणि कोण नीट ऐकू येते याची वहीत नोंद करतात. ती वही मी पाहिली. प्रत्येक संचाचे एक पान, त्यावर घेतल्याची तारीख, किंमत आणि दुरुस्ती. पहिल्याच पानावर मात्र एक ओळ लाल शाईने लिहिली होती : जुना ऐकायला, नवा उठवायला.

ती वाईट रात्र

मी त्याचा अर्थ विचारला. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझी मावसबहीण तेव्हा दोन वर्षांची होती."

तेव्हा त्यांच्याकडे तीन वेदर रेडिओ होते. दोन साधे ठोकळे आणि एक ऐंशीच्या दशकातला, धोक्याचा संकेत आला की आपोआप वाजणारा. वेदर रेडिओवर इशाऱ्याआधी १०५० हर्ट्झचा एक तीव्र सूर सोडला जातो, तो ऐकून असा संच जागा होतो. अडचण एवढीच की त्या जुन्या संचाला आपला भाग आणि दुसऱ्याचा भाग यात फरक कळत नाही. त्या केंद्राच्या टापूत कुठेही इशारा असो, तो वाजणारच. एका वसंतात तो रात्रीबेरात्री इतक्यांदा वाजला की वैतागून काकांनी त्याचा अलार्म बंद केला. साधे ठोकळे तर पट्टी दाबल्याशिवाय बोलतच नाहीत.

आणि एका रात्री शेजाऱ्याने दार बडवून त्यांना उठवले. बाहेर भोंगे वाजत होते. खिडक्या बंद आणि एसी सुरू, त्यामुळे आत काही ऐकू आले नव्हते. मुलीला उचलून ते बाथरूममध्ये शिरले आणि टोर्नेडो चार गल्ल्या पलीकडून गेला. तिथल्या घरांची छपरे उडाली. काका म्हणाले, "त्या रात्री घरात तीन वेदर रेडिओ होते आणि तिन्ही गप्प होते. चूक त्यांची नव्हती. जे काम त्यांचं नव्हतं, ते मी त्यांच्यावर सोपवलं होतं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा संच आणला. नव्या संचांत इशाऱ्यासोबत येणारा डिजिटल संकेत वाचण्याची सोय असते. त्यात आपल्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा क्रमांक एकदा भरून ठेवला की तो फक्त त्या भागाच्या इशाऱ्याला वाजतो. त्यामुळे वैतागून बंद करावा लागत नाही. वीज गेली तरी आतल्या बॅटरीवर चालतो. किंमत साधारण तीस-चाळीस डॉलर.

आमच्या मुक्कामातच त्याची परीक्षा झाली. मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास मावशीच्या खोलीतला संच किंचाळला. पाच मिनिटांत आम्ही चौघे घराच्या मध्यभागी असलेल्या, खिडकी नसलेल्या कपड्यांच्या खोलीत होतो. काकांनी सगळ्यांना बूट घालायला लावले, कारण वादळानंतर जमिनीवर काचा असतात. मावशीने औषधांची पिशवी आणि पासपोर्ट घेतले. माझ्या फोनवरही इशारा आला होता. पण वीज गेली, त्यासोबत वायफाय गेले आणि फोनवर नुसते चक्र फिरत राहिले.

मग अंधारात काकांनी पट्टी दाबली. स्वयंपाकघरातला तोच काळा ठोकळा त्यांनी येताना उचलला होता. आवाज शांतपणे गावांची आणि रस्त्यांची नावे सांगत होता, वादळ कोणत्या दिशेने, किती वेगाने चालले आहे ते सांगत होता. आई माझा हात घट्ट धरून बसली होती. तिला इंग्रजी फारसे कळत नाही. ती दर वाक्यानंतर विचारायची, "आपलं नाव घेतलं का?" पंचवीसेक मिनिटांनी आवाजाने सांगितले की आमच्या काउंटीचा इशारा उठवला आहे. वादळ उत्तरेकडून निघून गेले होते. सकाळी पाहिले तर मागचे कुंपण आडवे झाले होते, बाकी सगळे जागेवर.

उठवले नव्या संचाने आणि धीर दिला जुन्याने. लाल शाईतल्या ओळीचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

आपल्यासाठी काय?

हा छंद वाचून कोणी अमेरिकेहून असा ठोकळा मागवणार असाल तर आधीच सांगते, तो आपल्याकडे बोलणार नाही. त्या फ्रिक्वेन्सींवर भारतात हवामानाचे प्रसारण होत नाही. मी दुरुस्त केलेला ठोकळा आता इंदूरला माझ्या टेबलावर आहे. पट्टी दाबली की फक्त खरखर येते. तो शोभेची वस्तू आहे.

पण तुमची मुले, भाऊ-बहीण किंवा सुना-जावई अमेरिकेत असतील तर त्यांना एवढे जरूर विचारा : घरात इशाऱ्याला आपोआप वाजणारा वेदर रेडिओ आहे का? त्यात काउंटीचा क्रमांक भरला आहे का? टोर्नेडोच नव्हे, तर हरिकेन, पूर आणि हिमवादळाचे इशारेही त्यावर येतात. आणि 'वॉच' व 'वॉर्निंग' यांतला फरक त्यांना माहीत असू द्या. टोर्नेडो वॉच म्हणजे तशी परिस्थिती आहे, सावध राहा. टोर्नेडो वॉर्निंग म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण आहे, लगेच आडोसा घ्या.

आपल्यालाही यातून घेण्यासारखे आहे. आईचे माहेर अलिबागजवळचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा मामाकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हता. बाहेरच्या बातम्या कळत होत्या त्या मामाच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर. भारतीय हवामान विभागाचे 'मौसम' आणि विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ही अ‍ॅप फोनमध्ये असायलाच हवीत. ते आपले उठवणारे. पण सोबत बॅटरीवर चालणारा एक साधा रेडिओही घरात असू द्या. तुमच्या भागात आकाशवाणीचे कोणते केंद्र लागते ते शांत दिवसांतच लावून बघा आणि जास्तीचे सेल बाजूला ठेवा. घरात आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर पडला असेल तर तो साफ करण्यापासूनच छंदाची सुरुवात करता येईल.

आता वसंत आला की मावशीचा फोन आमच्याकडे जरा जास्त येतो. ती बोलत असते, मागे पट्टी दाबल्याचा आवाज येतो आणि तो माणूस वाक्याच्या मधूनच वारा आणि आर्द्रता सांगू लागतो. आई पहिला प्रश्न एकच विचारते, "हा झाला बोलणारा. उठवणारा सुरू आहे ना?" मावशी हो म्हणाली की मगच दोघी बहिणी बाकीच्या गप्पांकडे वळतात.